परदेशी जाताना किराणा काय न्यायचा, आणि ते ठरवायचं कुणी?

जून संपत आला की मला येणाऱ्या फोनांमध्ये एक विषय हमखास असतो. मुलगा, मुलगी नाहीतर सून वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशी चाललेली असते. व्हिसा झालेला, तिकीट झालेलं, आणि घरात किराण्यावरून रोज खटके उडतायत. ‘मॅडम, काय काय द्यायचं तेच ठरत नाही,’ असं सांगताना बोलणाऱ्याचा आवाज थोडा ओशाळलेला असतो, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे जायचं का, असं वाटतं. जरूर यावं. घर सुटण्याची सगळी धास्ती त्या दिवसांत डाळ-तांदळाच्या पिशव्यांमध्ये येऊन बसते, आणि तिथूनच ती मोकळी करता येते.

मागे एक मुलगी आली होती. तिच्या, आईच्या आणि सासूबाईंच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सत्ताविशीतली, लग्नाला पाच महिने झालेले. नवरा तीन वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीत. माहेर नागपुरात प्रतापनगरला, सासर तिथल्याच महाल भागात. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं, जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलं होतं. ‘जायची भीती नाही वाटत मॅडम,’ ती म्हणाली, ‘बॅग भरायची वाटते.’

तिने पर्समधून यादी काढली. वहीची चार पानं, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. आईच्या अक्षरात ज्वारीचं पीठ ५ किलो, साजूक तूप २ किलो, तूरडाळ, पोहे, फल्लीदाणे (शेंगदाणे), मुगवड्या, कुरडया. सासूबाईंच्या अक्षरात काळा मसाला २ किलो, भिवापुरी मिरचीचं तिखट, खसखस, खोबऱ्याच्या वाट्या, जवस, लोणच्याच्या दोन बरण्या. तिकिटावर २३ किलोंच्या दोन बॅगा होत्या आणि यादीची बेरीज एकतीस किलोंवर गेली होती. मी विचारलं, यात तू लिहिलेलं काय आहे? तिने पानाच्या कडेला पेन्सिलने केलेल्या वजनाच्या बेरजा दाखवल्या.

तिची खरी अडचण मला तिथे दिसली. ज्वारीचं पीठ कमी केलं तर आई दुखावणार, मसाला कमी केला तर सासूबाईंना वाटणार की माहेरचं नेलं आणि आमचं ठेवलं. प्रत्येक वस्तू काढली तरी कुणाचा तरी अपमान, ठेवली तर वजन. अशा कोंडीत कुणाचीही झोप उडेल.

मी यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, ‘तिथे तुला ताप आलाय, नवरा ऑफिसला गेलाय, बाहेर थंडी. उठून काय करून खाशील?’ ती लगेच म्हणाली, ‘मुगाची खिचडी. वरून लसणाचं कढवलेलं तेल.’ मग विचारलं, ‘आणि नागपूरची फार आठवण आली तर?’ जरा थांबून ती म्हणाली, ‘जवसाची चटणी. वरणभातासोबत.’ भाकरी? ‘भाकरी मला येतच नाही थापता.’

म्हणजे पाच किलो पीठ आईच्या मनातल्या मुलीसाठी होतं. तसंही ज्वारीचं पीठ फार दिवस राहत नाही. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी चिरते, आणि थापायला शिकणाऱ्या मुलीच्या हातात असं जुनं पीठ देणं म्हणजे तिला आधीच हरवून बसवणं.

ज्याच्या घरी ती चालली होती त्याला मात्र दोन्ही घरांतल्या कुणी काहीच विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझ्या स्वयंपाकघराच्या फळीचा आणि शेगडीचा फोटो मागव. त्याने त्याच रात्री पाठवला. फळीवर तूरडाळीचं पाकीट, बासमती, छोले, हळद, जिरं, आणि ‘बुटरश्माल्ट्स’ लिहिलेला एक अर्धा डबा. हे तिथलं कढवलेलं लोणी, आपल्या तुपाचंच भावंड, कुठल्याही साध्या सुपरमार्केटात मिळतं. मोहरी नव्हती, हिंग नव्हता. शेगडी इंडक्शनची. घरून द्यायला काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापलाच नसता. एका फोटोने चार पानांमधली दीड पानं गळली.

मी हा फोटो आता सगळ्यांनाच मागवायला सांगते. तिकडे अजून कुणी आपलं नसेल, तर त्या गावात आधी गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून. डाळी, तांदूळ, कणीक, बेसन, पोहे हे जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत मिळतं. सांभार (कोथिंबीर), पुदिना, तीळ, छोले तुर्की दुकानांत. मसूर डाळ तर तिथल्या नेहमीच्या दुकानांतही असते. दर थोडा जास्त पडतो, पण विमानात जादा वजनाचे पैसे भरावे लागले तर न्यायची डाळच महाग ठरते.

पुढच्या वेळी मी तिघींना एकत्र बोलावलं. सासूबाई आत आल्या त्या बोलतच, ‘तिथं काहीच भेटत नाही म्हणतात मॅडम. पोरगी उपाशी राहील.’ मी त्यांना मसाल्याचाच हिशेब विचारला, कारण त्यातलं त्यांच्याइतकं मला कळत नाही. दोन माणसांच्या भाजीला काळा मसाला किती? त्यांनी हाताचा चमचा करून दाखवला, चहाचे दोन, म्हणजे पाच ग्रॅम धरा. आठवड्यातून चार भाज्या त्या मसाल्याच्या. महिन्याला ऐंशी ग्रॅम. सहा महिन्यांना अर्धा किलो. त्या स्वतःच म्हणाल्या, ‘मग दोन किलो काहून नेते? खोबरं-तीळ असतात त्यात, खवट होईल.’ महालातल्या पाच माणसांच्या घराचं माप हाताला बसलेलं होतं, दोघांचं माप त्यांनी कधी केलंच नव्हतं. अर्धा किलो ठरला, त्यातला निम्मा तिथे फ्रीजरमध्ये.

खसखशीचा मुद्दा मला स्पष्ट शब्दांत सांगावा लागला. तिचं विमान मुंबईहून दुबईमार्गे होतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांमध्ये धरतात, कारण ती अफूच्या बोंडातली. तिथे आणि सिंगापूरला ती नेणं म्हणजे पोलिसांशी गाठ. सुटी तर नकोच, मसाल्यात दळलेलीही नको. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या, कारण मसाला भाजून दळून झालेला होता. मग म्हणाल्या, ‘हा घरी वापरू. हिच्यासाठी दुसरा करते, खसखशीऐवजी तीळ वाढवते.’ आणि त्यांनी इतवारीतून नव्याने दगडफूल, नागकेशर, धणे आणून केला. त्या संध्याकाळी सून त्यांच्याशेजारी बसून मसाला भाजायला शिकली, हे मला मागाहून कळलं. खोबऱ्याच्या वाट्याही गेल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याच विमानतळांवर चेक-इन बॅगेतून त्या काढून ठेवतात.

सगळ्यात अवघड होतं तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, पनीर, सगळंच त्यात आलं. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीसारखे थोडे अपवाद आहेत, साजूक तूप त्यात नाही. हे ऐकल्यावर तोवर शांत बसलेल्या आईचे डोळे भरून आले. ‘तूप पण नाही? मग मी काय देऊ हिला?’

मी त्यांना थांबू दिलं. हळूहळू त्या बोलल्या. लग्न होऊन त्या भिलाईला गेल्या होत्या. नवऱ्याची पाळी बदलती, शेजारी ओळखीचं कुणी नाही, आणि माहेरून पहिला डबा आला तो दोन महिन्यांनी. त्यात तूप होतं. लेकीच्या यादीतलं दोन किलो तूप त्या डब्यातून आलं होतं. मुलीला हे सगळं ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं, आईला माझ्यावर भरवसा नाही.

त्या दोघींना मी एक काम दिलं. जर्मनीत बिनमिठाचं लोणी सहज मिळतं. घरी तसंच लोणी आणून मुलीने तूप कढवायचं, आईने शेजारी उभं राहायचं आणि भांड्याला हात लावायचा नाही. पहिलं तूप करपलं. दुसऱ्या वेळी आईने फक्त एवढंच सांगितलं, की फेस खाली बसून बुडाशी बेरी बदामी दिसली की गॅस बंद, रंग भांड्यातच पुढे चढतो. तिसऱ्याला जमलं. मला भेटायला आल्या तेव्हा आई तुपाबद्दल बोलत होत्या आणि मुलगी पहिल्यांदा पोटभर जेवल्याचं सांगत होती.

त्यासोबत आणखी एक गोष्ट करायला लावली, जी मी आता सगळ्यांनाच सांगते. जाणाऱ्या माणसाने निघण्याआधी आठवडाभर एक कढई, एक कुकर, एक तवा आणि नेणार असलेल्या डब्यांमधलं सामान एवढ्यावरच स्वतःचा स्वयंपाक करायचा. चौथ्या दिवशी खरी यादी आपोआप तयार होते. हिच्या यादीत मोहरी आणि हिंग वर चढले, कुरडया उतरल्या. ‘तळण मी एकटीसाठी करणार नाही,’ ती म्हणाली, आणि आईने ऐकून घेतलं.

शेवटी बॅगेत काळा मसाला, पाव किलो भिवापुरी तिखट, हिंग, मोहरी, जवस आणि कारळाची चटणी, थोड्या मुगवड्या, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा तीन लिटरचा कुकर आणि त्याची जादा रिंग एवढं गेलं. लोणचं एकच, लहान बरणीत, चेक-इनमध्ये, कारण हातातल्या बॅगेत ते द्रव धरतात आणि १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. आणि चार दिवसांची मूगडाळ-तांदूळ. ती शनिवारी रात्री पोचणार होती, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. नवऱ्याने भरून ठेवलं असतं, पण पहिली खिचडी स्वतःच्या डब्यातली असावी असं तिला वाटत होतं, म्हणून ते ठेवलं. किराण्याचं वजन आठ किलोंच्या आत आलं.

देशागणिक हे बदलतं. अमेरिकेत भारतातून तांदूळ नेता येत नाही, खापरा भुंग्याच्या भीतीने. ऑस्ट्रेलियाला उतरताना सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहावा लागतो आणि लपवला तर जागेवर दंड बसतो. त्यामुळे शेजारच्यांच्या सुनेची यादी आपल्या मुलाला लावू नका. ज्या देशात जायचं त्याच्या सीमाशुल्क खात्याचं पान आणि विमान जिथे थांबणार तिथले नियम, दोन्ही जाणाऱ्यानेच वाचावेत. वसतिगृहात जाणाऱ्या मुलांना फळी एक आणि फ्रीजमधला कप्पा अर्धा मिळतो, त्यांचं सामान याहून निम्मं हवं.

ऑक्टोबरात आईंचा फोन आला. दिवाळीला फराळाचं पार्सल पाठवू का? मी म्हटलं, नियम पार्सललाही तेच, दुधातुपाचं चालत नाही. आणि घरगुती भेटीवर ४५ युरोंपर्यंतच कर माफ असतो. त्या म्हणाल्या, तसं तिने आधीच सांगितलंय. चिवडा ती तिकडेच करणार आहे, पोहे आणि फल्लीदाणे तिथल्या दुकानात आहेत, फक्त डाळं तिला मनासारखं भेटलं नाही. तेवढं अर्धा किलो पाठवते म्हणाल्या.