वाचकांचे प्रश्न : फ्रँचायझी संपल्यावर काय पाळायचं?

प्रश्न : परभणीत बसस्टँडजवळ आमचं चहाचं दुकान आहे. पुण्याच्या एका कंपनीची फ्रँचायझी होती. तीन वर्षांचा करार मार्चमध्ये संपला, नूतनीकरण आम्हीच केलं नाही. आता पत्र आलंय : सात दिवसांत नाव काढा, दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत चहा विकू नका, दीड लाखाची अनामत जप्त. जागा आमच्या मालकीची आहे. छापील कपही सात-आठ हजार पडून आहेत. दुकान बंदच करावं लागेल का?

उत्तर : नाही. पण नाव आजच उतरवा. पत्रातली पहिली मागणी पक्की आहे, दुसरी बहुतेक पोकळ, आणि तिसरी कंपनीला सिद्ध करावी लागेल.

करार संपला की नाव वापरायची परवानगीही संपते. त्यानंतरचा वापर ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली उल्लंघन ठरतो. नोंदणीकृत नाव असेल तर कंपनी आपलं कार्यालय जिथे आहे तिथल्या न्यायालयात दावा लावू शकते, म्हणजे हेलपाटे तुम्हालाच. शिवाय अनामतीतून कापायला तिला आयतं कारण मिळतं. बहुतेक जण पाटी काढून थांबतात आणि बाकीच्या गोष्टींत सापडतात. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की जुनं नाव दिसतं, बिलावरचा मथळा तोच, गुगल मॅपवरची नोंद तीच, पोरांचे टी-शर्ट तेच, शटरचा रंगही तोच. हे सगळं बदला. नव्या नावाखाली बारीक अक्षरात जुनं नाव लिहिणं हीसुद्धा पळवाट नाही. प्रत्येक वस्तूचे आधीचे-नंतरचे तारखेसह फोटो ठेवा. परत दिलेल्या सामानाची यादी करून कंपनीच्या माणसाची सही घ्या. नवी पाटी करताना देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा राज्याचा नियम छोट्या दुकानांनाही आहे.

कप ‘संपवून टाकू’ म्हणू नका. खरेदीभावाने परत घ्या, नाहीतर संपवायला अमुक दिवसांची मुभा द्या, असं कंपनीकडे लेखी मागा. उत्तर नकारार्थी आलं तर नष्ट करा, फोटोसह.

पाच किलोमीटरच्या अटीची धास्ती नको. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार धंदा-व्यवसायाला अटकाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. करार चालू असताना दुसऱ्याचा माल न विकण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग प्रकरणात मान्य केली. मुदत संपल्यानंतरची बंदी मात्र न्यायालयात सहसा टिकत नाही. आलं-वेलचीचा चहा कुणाच्या मालकीचा नाही. कंपनीचं मसाल्याचं खास प्रमाण, मॅन्युअल आणि ग्राहकांची यादी मात्र तिची. गोपनीयतेची अट करारानंतरही लागू राहते, म्हणून मॅन्युअल परत करा आणि झेरॉक्स ठेवू नका.

अनामतीचा हिशेब लेखी मागा. करारात जप्तीचं कलम असलं तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. मुदत पूर्ण करून तुम्ही बाहेर पडला असाल तर कंपनीचं नेमकं नुकसान काय झालं, हे तिला दाखवावं लागेल. थकलेली रॉयल्टी ती वळती करू शकते. अनामत वसूल करायला दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं. नुसत्या पत्रव्यवहाराने ती थांबत नाही. करारात लवादाचं कलम असेल तर त्याची रीतसर नोटीस मुदतीत गेली पाहिजे. पैसे हातात पडण्यापूर्वी ‘काही येणं-देणं नाही’ या कागदावर सही करू नका.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे करारावेळी दिलेले कोरे धनादेश. क्रमांक लिहून ते परत मागा. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ सांगितलं तरी धनादेश न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची तक्रार होऊ शकते. न वटल्याची नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत सुरू होते. देणं नसेल तर त्या आतच वकिलामार्फत तसं स्पष्ट उत्तर द्या.

जीएसटी नोंदणीत दुकानाचं नाव कंपनीचं असेल तर पंधरा दिवसांत आरईजी-14 हा नोंदणीतल्या बदलाचा अर्ज भरा. खाद्य परवान्यातही बदल करा. हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात, आणि करारात कंपनीला नंतरही तपासणीचा हक्क असेल तर तेच कागद उपयोगी पडतील.

एक शंका : मार्चनंतर तुम्ही त्यांच्याकडून माल घेतला किंवा रॉयल्टी भरली का? तसं असेल तर करार वाढला असं ते म्हणतील. त्या पावत्या वकिलाला आधी दाखवा.

प्रश्न : लातूरला आमची प्ले-स्कूलची फ्रँचायझी होती. वर्षाच्या मध्येच संपली. पालकांनी वर्षाची फी भरली आहे.

उत्तर : पावती तुमच्या संस्थेच्या नावाची असेल तर वर्ष पुरं करण्याची किंवा उरलेली फी परत करण्याची जबाबदारी तुमची. नाव बदलल्याचं प्रत्येक पालकाला लेखी कळवा. मुलांनी विकत घेतलेली पुस्तकं ती वापरतील, पण त्यांच्या झेरॉक्स काढून नव्या मुलांना देऊ नका, तो कॉपीराइटचा भंग आहे.