वाचकांचे प्रश्न : खुस्रोचं नाणं घासू का?

प्रश्न : नाण्यांच्या प्रदर्शनात इराणच्या खुस्रो दुसरा या राजाचं चांदीचं नाणं घेतलं. काळपट आहे, भांड्यांच्या पावडरीने घासलं तर चालेल का? आणि अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : घासू नका, अजिबात नको! तो काळेपणा म्हणजे चौदाशे वर्षांत चांदीवर चढलेला थर आहे, तो गेला की नाण्याची रयाच जाते, जाणकार घेणारा हातसुद्धा लावत नाही. शिवाय सासानी द्रम्म, म्हणजे खुस्रोच्या सासानी घराण्याचं हे चांदीचं नाणं, कागदासारखा पातळ असतो, जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, जोर दिला की कडेचा तुकडाच हातात येतो.

आता ओळखायचं कसं. भिंग घ्या आणि आधी राजाचा मुकुट बघा, खुस्रोच्या मुकुटाला दोन पंख आणि वर चंद्रकोर-तारा असतो, प्रत्येक सासानी राजाचा मुकुट वेगळा त्यामुळे अक्षरं न वाचताही राजा कळतो. मागे अग्निवेदी आणि दोन बाजूंना दोन सेवक. वेदीच्या डावीकडे पहलवी या जुन्या इराणी लिपीत राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, आणि उजवीकडे टांकसाळीची खूण, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे, कारण खुस्रोने ५९० ते ६२८ राज्य केलं, शेवटची पंचवीसेक वर्षं रोमनांशी लढण्यात गेली आणि नाणी पाडली ती ढिगाने, म्हणून आज तुमच्या-माझ्यासारख्यालाही एखादं परवडतं. साल आणि टांकसाळ लागली की नाणं बोलायला लागतं.

वजन चार ग्रॅमच्या आसपास हवं. जास्त झिजलेलं किंवा कड कातरलेलं असेल तर थोडं कमी भरेल. ओतीव नकलीच्या कडेला साच्याची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरं साबणाची वडी वापरल्यावर होतात तशी गुळगुळीत. पण वजन बरोबर आलं म्हणून लगेच खूश होऊ नका, ठशाने पाडलेल्या नकलाही असतात.

हे आवडलं तर पुढचं गधैया नाणं घ्या, सासानी नाण्यांवरून आपल्याकडे पाडलेलं जुनं नाणं. खुस्रोच्या आधीच्या पेरोझ या सासानी राजाची नाणी हूणांमार्फत आपल्याकडे आली, इथे त्यांच्या नकला होत होत राजाचा चेहरा ओळखू येईना आणि वेदीच्या नुसत्या रेघा-ठिपके उरले, दोन्ही शेजारी ठेवून बघाच.

नाणं मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, चांदी हिरवट चिकट होते. साध्या कागदी पाकिटात ठेवा, वर वजन लिहा, बिल जपा. आणि परदेशातल्या कुणाला पाठवायचा विचार असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, साल वाचून बघतो.