मेल हलवू नका, नोंद ठेवा

प्रश्न : ताई, मी कोथरूडमधल्या ४८ घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सोसायटीचं जीमेल खातं २०१० पासूनचं आहे आणि त्यात ६१ हजारांच्या आसपास मेल आहेत. १५ जीबी भरत आल्याची सूचना रोज येते. माझ्याआधी चार सेक्रेटरी झाले, प्रत्येकानं आपापली लेबलं लावली. आता मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या) अर्जासाठी बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार वकिलांना काढून द्यायचाय. एका सभासदानं सुचवलं, आधी सगळे मेल विषयवार फोल्डरमध्ये लावून घ्या. दोन रविवार बसलो, २०११ सुद्धा संपलं नाही. पुतण्यानं जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलंय. त्यावर फुकट चालणारं काही आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिसरा रविवार त्यात घालवू नका. मेल लावत बसण्याची गरजच नाही.

मी २७ वर्षं ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलं. पुस्तक कपाटात एकाच जागी उभं असतं, पण त्याची कार्डं तीन-चार ड्रॉवरमध्ये असतात : एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक-दोन विषयांची. वाचक कुठूनही आला तरी त्याच पुस्तकापाशी पोचतो आणि पुस्तक जागचं हलवावं लागत नाही. तुमच्या बिल्डरनं एकाच मेलमध्ये गच्चीच्या गळतीचं, पाण्याच्या टाकीचं आणि अभिहस्तांतरणाच्या कागदांचं लिहिलं असेल. असा मेल कुठल्या फोल्डरमध्ये टाकणार? एकात टाकला की उरलेल्या दोन विषयांना तो मुकतो. फोल्डर म्हणजे कपाट आणि टॅग म्हणजे कार्ड. तुम्हाला कार्डं हवी आहेत.

ती करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे नॉटमच. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. ते मुक्त आहे, फुकट आहे, आणि नावाचा अर्थ ‘फार काही नाही’ असा, म्हणजे तुमच्याकडे कितीही मेल असोत, त्याला ते फार वाटत नाहीत. शोधाचं खरं काम आतलं झापियन नावाचं इंजिन करतं. नॉटमच मेल आणत नाही आणि पाठवतही नाही. तुमच्या डिस्कवर असलेले मेल वाचून ते शब्दांची सूची बनवतं, त्या सूचीत शोधतं आणि टॅग ठेवतं, बस. मेलच्या मजकुराला हात लावत नाही. मला ते आवडतं ते यासाठीच. मूळ कागदावर पेन्सिलची खूणसुद्धा करायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

आधी मेल लॅपटॉपवर उतरवा. त्यासाठी आयसिंक या पॅकेजमधली एमबीसिंक ही आज्ञा आहे. ती मेल मेलडिर पद्धतीनं ठेवते, म्हणजे एक मेल, एक फाईल. नॉटमचला नेमकं तेच लागतं. जीमेलच्या सगळ्या लेबलांची फोल्डरं उतरवू नका, फक्त ‘ऑल मेल’ घ्या. जीमेलमध्ये एका मेलला तीन लेबलं असतील तर तो तीन फोल्डरांत दिसतो आणि तीनदा उतरतो. नॉटमच मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बघून तो एकच धरतं, पण डिस्क आणि वेळ फुकट जातो. आणि हे नीट वाचा : एमबीसिंकच्या सेटिंगमध्ये सिंकपुढे ‘पुलन्यू’ एवढंच लिहा. म्हणजे नवे मेल खाली येतील, लॅपटॉपवर काही पुसलं गेलं तरी जीमेलवर त्याचा परिणाम होणार नाही. सोसायटीचं दप्तर आहे ते, तुमच्या एकट्याचं नाही. पुतण्याला हे सेटिंग करताना शेजारी बसवून घ्या. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागेल. तुमच्याएवढे मेल एका रात्रीत उतरतील अशी अपेक्षा ठेवू नका, काही रात्री लॅपटॉप चालू राहू द्या.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ‘नॉटमच सेटअप’, त्यात मेलांची जागा सांगायची, आणि ‘नॉटमच न्यू’. (इथे देवनागरीत छापलेल्या आज्ञा आणि आकडे संगणकावर रोमनमध्ये टाईप करायचे.) माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर ४३ हजार मेलांची सूची कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत तयार झाली होती. पुढे रोज फक्त नव्या मेलांची भर पडते, ती क्षणात.

आता तुमचं काम. बिल्डरच्या पत्त्यातला ओळखू येणारा शब्द घ्या आणि विचारा : ‘नॉटमच सर्च फ्रॉम:’ आणि त्याला चिकटून तो शब्द, मग ‘अँड डेट:२०१०..२०१४’. यादीत एकेका ओळीत एकेक संभाषण येतं. ओळीत तारीख असते, मग चौकटी कंसात ३/११ असं काहीतरी, मग माणसांची नावं, विषय आणि शेवटी टॅग. ३/११ म्हणजे त्या संभाषणातल्या ११ मेलांपैकी ३ तुमच्या शोधात बसले. ही संख्या जरूर बघा. बाकीच्या ८ मध्येच बरेचदा सभासदांची उत्तरं असतात आणि वकिलांना तीही लागतात. ‘टू:’ लावून उलट दिशेचे, सोसायटीनं बिल्डरला पाठवलेले मेलही काढा.

कन्व्हेयन्स हा शब्द इंग्रजीत प्रत्येक सेक्रेटरीनं वेगळ्या स्पेलिंगनं लिहिला असणार. शोध स्पेलिंग सुधारत नाही. म्हणून ‘कन्व्हे’पर्यंतची इंग्रजी अक्षरं टाईप करून पुढे चांदणीचं चिन्ह द्या, बहुतेक रूपं येतील. पीडीएफ जोडलेले मेल हवे असतील तर ‘अटॅचमेंट:पीडीएफ’.

यादी बरोबर वाटली की सगळ्या गठ्ठ्यावर एकदम टॅग लावा : ‘नॉटमच टॅग +अभिहस्तांतरण --’ आणि पुढे तोच शोध. मधलं टॅगचं नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मग वाचता वाचता निरुपयोगी मेलांवरचा टॅग काढा, त्यासाठी अधिकऐवजी उणे चिन्ह. वाचायला मी ईमॅक्स हा एडिटर वापरते, त्यात नॉटमचचा पडदा सोबतच येतो. पहिल्याच पानावर प्रत्येक टॅगपुढे मेलांची संख्या दिसते. टॅग लावायला अधिक, काढायला उणे आणि शोधायला एस ही कळ, एवढं आलं तरी भागतं. ईमॅक्स नको असेल तर अलॉट किंवा निओमट बघा.

वकिलांना छापील गठ्ठा देण्याऐवजी मूळ फाइली द्या. ‘नॉटमच सर्च’ला ‘--आऊटपुट=फाईल्स’ हा पर्याय जोडला की टॅगमधल्या प्रत्येक मेलच्या फाईलचा पत्ता मिळतो. त्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि नावाच्या शेवटी ‘.ईएमएल’ जोडा, म्हणजे त्यांच्याकडे थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतील. मेल कुठून, केव्हा, कुठल्या मार्गानं आला ही वरची सगळी माहिती त्यात शाबूत राहते, प्रिंटमध्ये ती जाते. आणि उपनिबंधकांकडचं काम पूर्ण होईपर्यंत जीमेलवरचं मूळ काहीही उडवू नका. जागा करायचीच असेल तर टँकरवाल्यांच्या बिलांचे फोटो आणि गणेशोत्सवाचे व्हिडिओ आधी काढा.

एक मर्यादा सांगते. नॉटमच जोडलेल्या फाईलचं नाव बघतं, फाईलच्या आतला मजकूर नाही. पीडीएफ आणि वर्डच्या आत शोधायचं तर रिकोल घ्या. तेही मुक्त आहे, तेही झापियनवरच चालतं, त्याला नेहमीसारखी खिडकी आहे आणि ते मेलच्या जोडण्यांच्या आत शिरतं. स्कॅन केलेल्या कागदात मात्र शब्द नसतात, चित्र असतं. त्यासाठी टेसरॅक्ट आहे, ते मराठीही वाचतं.

प्रश्न : मी भाषांतरकार आहे, वीस वर्षांचा पत्रव्यवहार जपून ठेवलाय. नॉटमचमध्ये इंग्रजी शब्द लगेच सापडतात, मराठी शब्द दिला की निम्मे मेल येतच नाहीत. ‘पावती’ शोधलं तर जेमतेम चार. मला खात्री आहे की पन्नास तरी असतील. काय चुकतंय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. तीन वेगळी कारणं आहेत, आणि तिन्ही आपल्या भाषेशी निगडित आहेत म्हणून मला या प्रश्नाचा फार आनंद झाला.

पहिलं सामान्यरूप. इंग्रजी शब्दाचा शेवट छाटून मूळ धरायची सोय या सॉफ्टवेअरात आहे, म्हणून ‘रिपेअर’ दिलं की ‘रिपेअर्स’ आणि ‘रिपेअरिंग’ही येतात. मराठीला ती सोय लागू होत नाही. ‘पावती’, ‘पावतीचा’, ‘पावत्यांवर’ हे त्याच्या लेखी तीन परके शब्द. उपाय हातात आहे : शब्दाचा न बदलणारा भाग लिहा आणि पुढे चांदणी. ‘पावत*’ दिलं की तिन्ही येतात. ‘मजल*’ दिलं की मजला, मजल्यावर, मजल्याचं. ‘पाण*’ दिलं की पाणी आणि पाण्याचा, सोबत पाणवठा आणि पाणंदही येईल, तेवढं सोसा. शाळेत सामान्यरूपाचे तक्ते पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडतात. शब्द तोडायचा तो सामान्यरूपात जिथून बदलतो त्याच्या अलीकडे.

ऱ्हस्व-दीर्घाचाही फटका बसतो. ‘निविदा’ आणि ‘निवीदा’ दोन्ही लिहिणारे लोक आहेत. दोन्ही रूपं ‘ऑर’नं जोडून शोधा.

दुसरं कारण रोमन मराठी. २००५-०६ च्या सुमाराचे तुमचे मेल उघडून बघा, त्यात मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली सापडेल. त्या काळी कीबोर्ड जमवणं कटकटीचं होतं, मीही तसंच लिहीत होते. पावती एकानं एका ए-नं लिहिली, दुसऱ्यानं दोन ए-नं, तिसऱ्यानं डब्ल्यू घालून. आपल्या नेहमीच्या वीस-पंचवीस शब्दांची अशी रूपं एका वहीत लिहून ठेवा. माझी वही आहे. नवीन रूप दिसलं की त्यात भर घालते.

तिसरं कारण जुने फॉन्ट, आणि यात सगळ्यात जास्त मजकूर अडकलेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप करत होतो. श्रीलिपी तर आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. त्या फॉन्टांनी मराठीतलं उत्तम छपाईचं काम कितीतरी वर्षं तोलून धरलं. पण त्यांत पडद्यावर ‘प’ दिसायचा तेव्हा फाईलमध्ये एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असायचं, देवनागरी रूप फॉन्ट द्यायचा. फॉन्ट काढला की उरतात नुसती चिन्हं. शोधयंत्र फॉन्ट बघत नाही, साठवलेलं तेच बघतं. त्याच्या दृष्टीनं त्या मेलमध्ये ‘पावती’ हा शब्दच नाही.

असे मेल शब्दानं शोधू नका. पाठवणाऱ्याच्या नावानं आणि तारखेनं गाठा, त्यांना ‘जुनाफॉन्ट’ असा टॅग लावा. मग त्यातले महत्त्वाचे सवडीनं युनिकोडमध्ये बदलून स्वतःलाच नव्या मेलनं पाठवा, विषयात मूळ मेलची तारीख घाला. मूळ मेल ठेवायचाच. मी पावसाळ्यात दुपारी दहा-दहा करत ३४० मेल असे बदलले. त्यात एका प्रकाशकांनी मला शुद्धलेखनावर लिहिलेलं दोन पानी पत्र होतं. ते आता ‘अनुस्वार’ शब्दानं सापडतं. तुम्ही अनुवादक आहात, तुमच्याकडे तर लेखकांशी एकेका शब्दावर झालेली चर्चा असेल. ती वाचवण्याजोगी आहे.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज आहे आणि मेल आठ-दहा हजारच. हे सगळं करायला हवं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नको. थंडरबर्ड घ्या. त्यात सगळ्या खात्यांवर एकत्र शोध आहे, टॅगही आहेत, आणि एक ते पाच आकड्यांच्या कळा दाबून पहिले पाच टॅग लावता येतात. मेल पन्नास हजारांवर गेले की पुन्हा विचारा.

प्रश्न : तुमचं वाचून गेल्या वर्षी नॉटमच सुरू केलं, प्रबंधासाठी ७० टॅग केलेत. मेलांचा बॅकअप दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर घेते. तेवढं पुरे ना?
— एक वाचक, डेक्कन

उत्तर : नाही, आणि हे आज रात्रीच दुरुस्त करा.

‘वाचलं’, ‘उत्तर दिलं’ अशा मोजक्या खुणा मेलच्या फाईलच्या नावात उतरतात. तुम्ही केलेले टॅग तिथे कुठेच नसतात, ते नॉटमचच्या स्वतःच्या सूचीत असतात. मेल परत आणले म्हणून टॅग परत येत नाहीत.

२०१६ मध्ये माझा लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. बिघाड बिजागरीचा होता. त्यांनी न विचारता डिस्क कोरी करून नव्यानं विंडोज टाकून दिलं. मेल सगळे बाहेरच्या डिस्कवर होते, एकही गेला नाही. पण तीन महिने रोज तासभर बसून वडिलांच्या पत्रव्यवहाराला टॅग लावले होते, कुठला मेल कुठल्या नातेवाइकाबद्दल, कुठल्या गावाबद्दल. ते सगळं गेलं. वडील तेव्हा होते आणि शेजारी बसून सांगत होते, हा कोण, ती कोण. दुसऱ्यांदा सांगायला ते राहिले नाहीत. काही मेलांवर आज नुसतं ‘बापूंना कळवलं’ एवढंच दिसतं, आणि आमच्या घराण्यात बापू तीन होते.

‘नॉटमच डंप’ ही आज्ञा प्रत्येक मेलचा मेसेज-आयडी आणि त्याचे टॅग एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून देते. नव्या यंत्रावर मेल आणा, ‘नॉटमच न्यू’ चालवा, मग ‘नॉटमच रिस्टोअर’ला ती फाईल द्या, टॅग जागच्या जागी बसतात. फाईल साधी असल्यामुळे कुठल्याही एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येते. माझ्याकडे ती रोज रात्री साडेनऊला आपोआप तयार होते आणि दाबून दोन एमबीच्या आत बसते. रविवारी तिची एक प्रत मी साताऱ्याला बहिणीला मेलनं पाठवते. तुम्हीही तुमच्या गाइडना किंवा मैत्रिणीला पाठवत जा, आणि एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून ७० च्या ७० टॅग आलेत का ते मोजा.