बार काउंटरमागची नोकरी

प्रश्न : वय २३, बारावी झालोय. नागपुरात बारटेंडर व्हायचंय. कोर्स लागतोच का? बाटल्या उडवता आल्या पाहिजेत का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बाटल्या उडवणं लग्नाच्या पार्टीत खपतं, नोकरी टिकते ती मापावर. कोर्स नसला तरी चालतं. एखाद्या हॉटेलात किंवा चांगल्या परमिट रूममध्ये आधी बारबॅक, म्हणजे बारटेंडरचा मदतनीस म्हणून लागा. बर्फ भरणं, ग्लास पुसणं, लिंबं कापणं, स्टॉक मोजणं. काम कंटाळवाणं, पण धंदा तिथेच कळतो.

घरी सराव पाण्यावर करा. बाटलीला पोअरर, म्हणजे तोंडावर बसवायची धार सोडणारी नळी लावून एका ठेक्यात चार मोजा आणि ३० मिली पडलं का, ते जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने तपासा. ७५० मिलीच्या बाटलीतून ३०चे २५ पेग निघतात. हात सैल सुटून ३५ पडू लागले तर २१च, आणि रात्रीच्या हिशेबात तूट येते. गोड लिक्युअरने पोअरर चिकटला तरी माप चुकतं. तो रोज गरम पाण्यात भिजवा.

शेकर, म्हणजे पेय बर्फासोबत घुसळायचं झाकणाचं भांडं, १०-१२ सेकंद हलवा, जोरात. सोडा त्यात कधीच नाही, झाकण उडतं. मे महिन्यात बर्फ पाझरतो आणि पेय पाणचट होतं, म्हणून पाणी निथळलेला कडक बर्फच घ्या. तो ग्लासने उपसू नका : काच फुटली की पेटीतला अख्खा बर्फ फेकावा लागतो.

आणि आपलं संत्रं! त्याचा रस काढून ठेवला की लिमोनिन या त्यातल्याच कडू घटकामुळे काही तासांत कडवट होतो, बिया चिरडल्या तर जास्तच. ऑर्डर आल्यावरच, हलक्या हाताने पिळा.