कोरा कागद आधी घरीच भेटू दे

ताई,
मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत कायम पहिल्या पाचांत असायचे. गेल्या सत्रात फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिला. अभ्यास केला नव्हता असं नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या नोट्स कितीदा वाचल्या, हायलाइटरनं अख्खी वही पिवळी केली. पण पेपर हातात आला, पहिला प्रश्न वाचला आणि हात गार पडले, डोकं रिकामं. गंमत म्हणजे बाहेर आल्यावर मैत्रिणीनं उत्तर सांगितलं तर ते मला येत होतं! विषय राहिल्याचं घरी अजून सांगितलेलं नाही. परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे. खोलीतली मैत्रीण रात्री तीनपर्यंत वाचते, मला बारानंतर अक्षरं दिसेनाशी होतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? की सायन्स माझ्यासाठी नाहीच?
— पिवळी वही

प्रिय पिवळी वही,

तुझ्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याला तू नुसतं उद्गारचिन्ह दिलंस आणि पुढे निघून गेलीस. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं सांगितलं तर उत्तर येत होतं. नाही गं, येत नव्हतं. ते ओळखीचं वाटलं. वाचून वाचून त्या ओळी तुझ्या डोळ्यांच्या सवयीच्या झाल्या होत्या, म्हणून दुसऱ्या कुणी म्हटल्यावर तू मान डोलावलीस. पेपरमध्ये मात्र मान डोलवायला समोर कुणी नसतं, तिथे सगळं तुलाच आतून काढून कागदावर ठेवावं लागतं. आणि हे काम तू सहा महिन्यांत एकदाही केलेलं दिसत नाही. दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून एखाद्या रस्त्यानं कितीही वेळा गेलं, तरी स्वतः चालवायची वेळ आली की पहिल्याच वळणाला अडायला होतं. तुझं तेवढंच झालं आहे. यात स्मरणशक्तीचा दोष मला दिसत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वाचायला उतारे दिले. एका गटानं चारही सत्रांत उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. आपल्याला पुढे चांगलं आठवेल असा भरवसा जास्त होता तो नुसतं वाचणाऱ्यांनाच. तुझ्या वहीचा पिवळा रंग हा असाच भरवसा आहे.

म्हणून आता सहा आठवडे वही मिटून ठेवायची. म्हणजे उघडायची, पण शेवटी. आधी गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घे, कोरा कागद घे, घड्याळ लाव आणि वीस मिनिटं झगड. जे येईल ते लिही. नाहीच आलं तर निदान काय दिलंय, काय विचारलंय आणि कुठे अडलंय हे तरी लिही. त्यानंतर वही उघड आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं भर. तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं पुन्हा. सुरुवातीला फार वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवते. वाचताना जी प्रगती झाल्यासारखी वाटते ती इथे वाटणार नाही, उलट आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. पण जे रिकामेपण तुला परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा भेटलं, ते घरी दहा वेळा भेटून गेलेलं असलं की त्याची जरब राहत नाही.

सोडवून दाखवलेली उदाहरणं वाचायची नाहीत. उत्तर हातानं झाकायचं, एक ओळ स्वतः लिहायची, मग हात एक ओळ खाली सरकवायचा. आणि एका धड्याची दहा गणितं सलग करू नकोस. धडा समोर असला की कुठलं सूत्र लागणार हे आधीच ठाऊक असतं. पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. चार धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरव, पिसून घे आणि हाताला येईल ती सोडव.

आता थोडं थर्मोडायनॅमिक्सबद्दल, कारण तुझी गाडी तिथेच अडली आणि या विषयात पुष्कळांची तिथेच अडते. तुझ्याकडे भौतिकशास्त्रही असेल तर एक खड्डा आधीच बघून ठेव. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिला नियम बहुधा असा असतो: आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य. भौतिकशास्त्राच्या पुष्कळ पुस्तकांत तोच नियम उष्णता उणे कार्य असा छापलेला असतो. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात प्रणालीवर झालेलं कार्य धन धरलं आहे, दुसऱ्यात प्रणालीनं केलेलं. सूत्र घोकणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. उत्तर लिहायला घेताना पहिल्याच ओळीत कुठला संकेत धरलास ते लिहून टाक. शेवटी चिन्ह भौतिक अर्थानं पडताळून बघ: बाहेरून उष्णता न घेता वायू बाह्य दाबाविरुद्ध प्रसरण पावला, तर कार्य करायला ऊर्जा त्यानं स्वतःचीच खर्च केली. म्हणजे आंतरिक ऊर्जा कमी व्हायलाच हवी, मग संकेत कुठलाही धरलेला असो.

एककांनी घालवलेले गुण मोजायला बसलं तर रडू येईल. वायू स्थिरांक 8.314 घेतलास तर हिशेब ज्यूलमध्ये. 0.0821 घेतलास तर लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये, आणि एक लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे सुमारे 101.3 ज्यूल. तापमान 25 अंश सेल्सिअस दिलं की ताबडतोब त्याच्या बाजूला 298 केल्विन लिहायचं, नंतर करू म्हणून सोडायचं नाही. आकडे एककांसकट मांडायची सवय लागली की अर्ध्या चुका आपोआप ओरडून सांगतात.

डेरिव्हेशन ओळीनं पाठ करू नकोस. मधली एक ओळ निसटली की पुढची सगळी जाते. सुरुवात कुठून, गृहीतकं कोणती आणि ती नेमकी कुठल्या पायरीवर वापरली, एवढंच धर. तापमानाबरोबर बाष्पदाब कसा बदलतो ते सांगणारं क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण घे. बाष्पाच्या मानानं द्रवाचं आकारमान नगण्य धरलं, बाष्प आदर्श वायूसारखं वागतं असं मानलं, आणि इंटिग्रेशन करताना बाष्पीभवनाची एन्थाल्पी, म्हणजे बाष्पीभवनाला लागणारी उष्णता, स्थिर ठेवली. ही तीन वाक्यं कारणासकट सांगता आली तर मधलं बीजगणित तुझ्या मागून चालत येईल. शेवटी मिळालेलं सूत्र दोन्ही टोकांना नेऊन बघायचं. पृष्ठभागावर वायू किती चिकटतो ते सांगणाऱ्या लँगम्युअरच्या समीकरणात दाब फार कमी केला की पृष्ठभागाचा व्यापलेला हिस्सा दाबाच्या सरळ प्रमाणात यायला हवा, फार वाढवला की 1 च्या जवळ जायला हवा. तसं होत नसेल तर लिहिताना कुठेतरी गडबड झाली आहे, आणि ते तुला परीक्षकाच्या आधी कळलं.

आणखी एक काम या आठवड्यातच कर. तुमच्याकडे तपासलेली उत्तरपत्रिका बघायची किंवा तिची प्रत मिळवायची सोय असेल तर अर्ज करून टाक. गुण कशात गेले ते बघ: संकल्पनेत, आकडेमोडीत, की वेळ न पुरल्यानं कोऱ्या राहिलेल्या पानांत? तिन्हींवर औषध वेगळं आहे, आणि आत्ता तू तिन्हींवर एकच औषध घेते आहेस, आणखी एकदा वाचणं. सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना ‘मला थर्मो कळत नाही’ असं सांगू नकोस, त्यावर कुणीच काही करू शकत नाही. अर्धवट सोडवलेला कागद ने आणि ‘इथपर्यंत आले, पुढची पायरी का?’ असं विचार.

मैत्रिणीच्या जागरणाचा हिशेब तू ठेवू नकोस. ती रात्री तीनपर्यंत जागते हे तुला दिसतं, त्यातलं तिच्या डोक्यात किती उतरतं ते तुलाही माहीत नाही आणि बहुतेक तिलाही नाही. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करतो. जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी 1924 मध्येच दाखवलं होतं की पाठ केल्यावर झोपलेल्यांच्या लक्षात, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांपेक्षा जास्त राहतं. त्या प्रयोगात माणसं होती फक्त दोन, पण नंतरच्या पुष्कळ संशोधनानं दिशा तीच दाखवली. बारानंतर तुला अक्षरं दिसत नाहीत तर दिवा मालव. संध्याकाळनंतर चहा-कॉफीही आवर, घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं.

आता त्या गार पडलेल्या हातांबद्दल. धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि हात गार पडतात. त्याच वेळी ‘आता काय होणार’ या विचारानं डोक्यातली कामाची जागा अडवलेली असते, म्हणून येणारं गणितही सुचत नाही. परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढा, गुण वाढतात, असा सल्ला तुला जागोजागी सापडेल. तो 2011 च्या एका गाजलेल्या प्रयोगावरून आलेला आहे. 2018 मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा परिणाम दिसला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिही, पण त्यावर मदार ठेवू नकोस. मदार ठेवायची ती सरावावर. शेवटच्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, खऱ्या वेळेला, खुर्चीवरून न उठता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

हॉलमध्ये मात्र एवढं कर. प्रश्नपत्रिका हातात आली की पेन खाली ठेव, तीन-चार श्वास घे आणि सोडताना घेण्यापेक्षा हळू सोड. मग सगळी प्रश्नपत्रिका वाच आणि सर्वांत सोप्या प्रश्नापासून सुरुवात कर, तो सातवा असला तरी. पहिल्या प्रश्नाशी आपलं काही लग्न लागलेलं नसतं. तुझा पेपर किती गुणांचा ते तू लिहिलं नाहीस. समज तीन तासांत 100 गुण आहेत. वाचायला आणि शेवटी तपासायला पंधरा मिनिटं बाजूला काढलीस तर 165 मिनिटं उरतात, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला सोळा. सतरावं मिनिट लागलं की जागा सोडून पुढे जायचं. अडलेल्या प्रश्नातही सूत्र, दिलेले आकडे आणि मांडणी लिहून ठेव, पायऱ्यांना बहुतेक ठिकाणी गुण असतात. पहिल्या उपप्रश्नाचं उत्तर अशक्य आलं आणि चूक सापडेना, तर तसं एका ओळीत लिही आणि तोच आकडा धरून पुढचा उपप्रश्न सोडव. उत्तर अशक्य आहे हे कळणं म्हणजेही विषय कळणं. बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत उभी राहू नकोस. दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर असतो.

घरी सांगणं तू परीक्षा होईपर्यंत लांबवणार आहेस, हे तू लिहिलं नसलंस तरी मला दिसतंय. तसं करू नकोस. पास होऊन मगच सांगू, असं ठरवलंस की त्या एका पेपरावर दोन परीक्षांचं ओझं येतं, आणि रोज फोनवर ‘अभ्यास चाललाय ना?’ला उत्तर देताना पोटात गोळा येतो तो वेगळाच. आई-बाबांपैकी जे जास्त शांत असतील त्यांना आधी सांग. मोठी प्रस्तावना नको: ‘फिजिकल केमिस्ट्री राहिला आहे, सांगायचं धाडस होत नव्हतं, परीक्षा अमुक तारखेला आहे आणि अभ्यास असा असा चालू आहे.’ एखादी संध्याकाळ घरात अबोला राहील, कदाचित कुणी काही लागेल असंही बोलेल. विषय राहिल्यापेक्षा लपवल्याचं त्यांना जास्त लागेल, आणि ते दर आठवड्यागणिक वाढत जातं.

सायन्स आपल्यासाठी नाही का, या प्रश्नाचं उत्तर आत्ता शोधू नकोस, नापास झालेल्या पेपराच्या सावलीत ते खरं येणार नाही. पण निकालानंतर तो प्रश्न जरूर विचार. अडलेलं गणित तासाभरानं सुटतं तेव्हा तुला आनंद होतो, की नुसतं ‘सुटले बाई’ वाटतं? पुष्कळ दिवस फक्त दुसरंच वाटत असेल तर विषय बदलायचा विचारही करता येतो, त्यात कुणी मरत नाही. मात्र झोप सलग उडाली, जेवण जाईना, किंवा नकोच हे सगळं, जगणंच नको असं मनात यायला लागलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. त्याच दिवशी विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, एकटीनं जाववत नसेल तर मैत्रिणीला बरोबर घे. परीक्षा पुन्हा देता येते.

तुझी,
ताई

ता. क. प्रॅक्टिकलचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे जर्नल अपुरं आहे असं मी धरून चालते. ते पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण करून सही घे. व्हायवाला प्रयोगाची कृती सगळ्यांनाच येते. तुला विचारतील ते हे: तुझं उत्तर प्रमाण मूल्यापेक्षा कमी का आलं? प्रत्येक प्रयोगाखाली त्याची दोन कारणं पेन्सिलीनं लिहून ठेव, आणि त्यातलं एक तरी ‘मानवी चूक’ नसू दे.