वॉटर स्कूटरवर स्पीकर बसवताना

प्रश्न : माझ्या वॉटर स्कूटरवर दोन जलरोधक स्पीकर आणि एक छोटा अँप्लिफायर बसवण्याचा विचार आहे. खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ असे छापले आहे. तेवढ्यावर विसंबून काम घरीच करावे का? आणि मूळची बॅटरी हा भार पेलेल का?

उत्तर : ‘आयपीएक्स ७’ याचा अर्थ ती वस्तू एक मीटर खोल, स्थिर पाण्यात तीस मिनिटे ठेवली तरी हानिकारक ठरेल इतके पाणी आत शिरत नाही, एवढाच आहे. वेगात असताना समोरून येणाऱ्या पाण्याच्या माऱ्याची परीक्षा वेगळी असते. तिच्यासाठी ‘५’ किंवा ‘६’ हे आकडे आहेत, आणि ‘७’ मध्ये ते आपोआप येत नाहीत. त्यामुळे दोन्ही मानांकने असलेलाच संच निवडावा. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, म्हणून खाऱ्या पाण्यात स्कूटर चालवणाऱ्यांनी परतल्यावर स्पीकरच्या जाळीवरचे मीठ हलक्या धारेने धुऊन काढणे भागच आहे.

खरे सांगायचे तर बिघाड स्पीकरपेक्षा वायरच्या जोडात अधिक होतो. साध्या तांब्याच्या तारेचे टोक एकदा भिजले की पाणी आवरणाच्या आतून केशाकर्षणाने वर चढत जाते. काही काळाने आवरण सोलून पाहिले तर आतली तार हिरवी-काळी पडलेली दिसते, आणि बाहेरून मात्र सारे ठाकठीक! म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली सागरी वायरच वापरावी, टोके नीट क्रिम्प करावीत, म्हणजे धातूच्या जोडणीत दाबून घट्ट बसवावीत, त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी आणि नुसत्या चिकटपट्टीवर कधीही भागवू नये. वायर अँप्लिफायरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता झोलाच्या तळाशी गळून पडते. अँप्लिफायर आणखी एका बंद डब्यात कोंडण्याचा मोह टाळावा : तापलेल्या डब्यावर थंड पाणी पडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून ओलावा आत ओढला जातो.

बॅटरीबाबत आपली शंका रास्त आहे. अशा स्कूटरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची आणि २० अँपिअर-तासांच्या आसपासची असते. डी वर्गाचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अँप्लिफायरही १०० वॉट देताना सुमारे १० अँपिअर ओढतो. गाण्यात आवाज सतत टिपेला नसतो, त्यामुळे सरासरी वापर कमी भरतो; तरीही इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवली तर किनाऱ्यापासून दूर स्टार्टर रुसण्याचा धोका राहतोच. अँप्लिफायरचा पुरवठा रिलेमार्फत, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत-स्विचमार्फत, इंजिनाच्या स्विचशी जोडावा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत, वायरच्या जाडीला साजेसा असावा. अँप्लिफायरजवळचा फ्यूज मधल्या वायरचे रक्षण करत नाही.

काम घरी करता येईल, पण दोन बाबतींत हयगय चालणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने स्कूटरच्या पोटात तळाशी साचते; म्हणून सीट काढून आत हवा खेळू द्यावी, बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे, आणि रिले ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या सागरी बनावटीचाच घ्यावा. दुसरे म्हणजे सांगाड्याला भोक पाडणे. शक्यतो हँडलजवळ किंवा सीटमागे बसणारे तयार आवरणातले स्पीकर घ्यावेत, कारण तिथे भोके टळतात. भोक अटळच असेल तर ते पाण्याच्या रेषेच्या बरेच वर घ्यावे, फायबरची उघडी कड इपॉक्सीने बंद करावी आणि मगच सागरी सीलंट लावावे. स्पीकरची किंवा वायरची सुकाणूच्या हालचालीत अडचण होत नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

आवाजाच्या पातळीविषयी आपण विचारलेले नाही, तरी शेजारून येणाऱ्या बोटीचे इंजिन ऐकू येईल एवढाच तो ठेवावा. स्कूटर पाण्यात नेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून जोडांखाली कोरडा कागद अंथरावा, बाहेरून नळीने फवारा मारावा आणि सीट उचलून कागद कुठे भिजला ते पाहावे.