कॉलेज करताना बर्गरच्या दुकानात काउंटरवर नोकरी करणं कमीपणाचं आहे का?

नाही. आणि ज्या नातेवाइकाने हे तुमच्या डोक्यात भरवलंय, त्याला आधी विचारा, फी तो भरणार आहे का.

टीवायबीकॉमला असताना मी ठाण्याच्या एका मॉलमध्ये बर्गर विकायचे. कॉलेज सुटलं की संध्याकाळची शिफ्ट, मग डोंबिवली. आमचा मामा बँकेत कॅशियर. दर गणपतीत चारचौघांत म्हणायचा, "आमची भाची लोकांचे उष्टे ट्रे उचलते हो." उचलायचेच. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

तर १५ नोव्हेंबर २०१७. त्या दिवसापासून हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पेपरात बातमी वाचून गिऱ्हाईक स्वस्ताईच्या तयारीनेच आलेलं. आणि आमच्या मशीनमध्ये त्याच सकाळी भाव बदललेले! शंभरचा बर्गर ११२चा. काल करासकट ११८, आज ११७ रुपये ६० पैसे. वरून सांगितलेलं कारण असं की मालावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. ते खोटं नव्हतं, ५ टक्के देताना सरकारने ती काढूनच घेतली होती. पण ती नेमकी बारा रुपयांचीच कशी, हे मला कॉस्टिंगचा पेपर देऊनही कळलं नाही.

आम्हाला मात्र उत्तर एकच पढवलेलं: "सर, सिस्टिममध्ये असंच येतंय." एका गृहस्थांनी बिल उंच धरून सगळ्या रांगेला दाखवलं. "चोर आहेत चोर!" म्हणजे मी. मागे पंधरा माणसं, फ्रायर कोकलतोय, छुट्टे संपलेले. माझी दहा मिनिटांची सुट्टी झाली तेवढ्यात मॅनेजर माझ्याच पैशांच्या ड्रॉवरवर उभे राहिले, माझ्याच लॉगिनने. रात्री क्लोजिंगला पाचशे शॉर्ट. पगारातून कापले, मला काही विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच्या, १९३६च्या वेतन कायद्यात कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय अशी कपात करता येत नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला ते दोन वर्षांनी समजलं.

घरी आले तर मामा जेवायला बसलेला. ऐकून म्हणाला, "पाचशेचा हिशेब जमत नाही, आणि म्हणे अकाउंट्स!"

असो. घ्या नोकरी. पैसे फार नसतात, पास आणि फीचा एखादा हप्ता सुटतो. बूट चांगले घ्या, सात-आठ तास उभं राहायचंय. परीक्षेच्या सुट्ट्या रुजू होतानाच लिहून घ्या, नाहीतर ऐन पेपरच्या आदल्या दिवशी शिफ्ट लागते. शेवटची लोकल चुकणार असेल तर क्लोजिंग नको म्हणा. सगळेच मॅनेजर तसे नसतात, आमचे आधीचे फार चांगले होते.

आणि पाणी प्यायला जरी गेलात तरी ड्रॉवर मोजून, सही घेऊन जा. आल्यावर परत मोजा. मामा बँकेत रोज हेच करायचा. एकदा शॉर्ट पडले तेव्हा त्यानेही खिशातून भरले होते, हे मला मामीने सांगितलं. त्या रात्री तो माझ्यासमोर बसून आमटी-भात जेवला आणि यातलं अवाक्षर बोलला नाही.